लाल चाकांचा बैल

रिठ्याचा वास आला की मला पोळ्याआधीचा तो रविवार आठवतो. पोरींचे जुने प्लास्टिकचे ठोकळे आम्ही रिठ्याच्या पाण्यात धुतले, पिशव्यांत भरले आणि बोरगावातल्या घराच्या फाटकापाशी चटईवर विकायला मांडले. पहिलं गिऱ्हाईक मोटारसायकलवरून आलं. त्या माणसाला ठोकळ्यांतली फक्त लाल चाकं हवी होती, तीही सगळी, आणि त्याने भावही केला नाही. मला तिथेच शंका आली. “इतके चाकं काऊन पाह्यजे तुमाले?” “घरी लेकरं हायेत ना, ताई.” “किती लेकरं?” त्यावर त्याने गाडीला किकच मारली. पैसे हातात आल्याने पोरी खूश होत्या. मी तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिले. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, लेकरं लाकडी बैल ओढत नेतात त्या मैदानाजवळ, तोच माणूस बैल विकत बसला होता, आणि प्रत्येक बैलाखाली आमची लाल चाकं! “पाह्य, मी म्हणत नव्हती?” मी थोरलीला म्हटलं, पण तोवर धाकटीने एक बैल छातीशी धरला होता. मी पुष्कळ घासाघीस केली, त्याने रुपया सोडला नाही. आज तोच बैल रिठ्याने धुताना चाक निखळून हातात आलं. उलटून पाहिलं, तर आमचं चाक धड होतं, त्या माणसाने ठोकलेला खिळाच कच्चा होता.