संपादकबाईंना दिलेलं वाचन

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत लेखक नाटक पाठवत नाही, वाचून देतो. वडशाला नाटक मंडळाच्या ऑफिसात मालक बसतो, नट भोवती जमतात, चहा येतो आणि लेखकानं सगळ्या पात्रांचे आवाज काढत सुटायचं. माझी हयात अशीच गेली. त्यामुळे कादंबरी लिहून झाली तेव्हा पुण्याच्या एका संपादकबाईंचा व्हॉट्सॲप नंबर मिळवला, अंगणात खुर्ची टाकली आणि पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचून, फोनवर रेकॉर्ड करून त्यांना पाठवलं. रडायच्या जागी रडलोसुद्धा.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राला हे मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला.

"अबे, ओळख ना पाळख, अन् डायरेक्ट व्हॉट्सॲप? ईमेल कराचा. चार ओळीत सांगाचं, आपण कोण, पुस्तक कायचं. एक प्रकरण जोडाचं अन् चूप बसाचं. त्यायले काय तुह्याएवढा रिकामा टाइम हाये?"

"मंग आता?"

"आता काही नाई. पुन्हा मेसेज नोको करू, एवढं पाळ."

त्या कादंबरीत माझी बरीच वर्षं गेली होती. नाटकं हंगामापुरती असतात. आपल्यामागे राहिलं तर हेच राहील असं वाटायचं. आणि तेच मी हातानं घालवून बसलो होतो. निळ्या खुणा उमटल्या होत्या, उत्तर नव्हतं. शेतातलं धान घरात आलं, तरी त्यांचं उत्तर आलं नाही. फोन वाजला की हातातलं काम टाकून बघायचो.

शेवटी आलं. "आवाजी संदेश आम्ही ऐकत नाही. कृपया यापुढे ईमेल करावा. तुमचा मात्र शेवटपर्यंत ऐकला. नवऱ्यानं दुसरी बायको आणल्यावर तुमची नायिका गाठोडं बांधून मुकाट निघून जाते, तिथे मागून एक बाई काहीतरी बोलल्या. त्यांचंच बरोबर आहे. ते प्रकरण पुन्हा लिहून कादंबरी पाठवा. वाट पाहते."

कोण बाई? मी आपलंच रेकॉर्डिंग लावलं. मी रंगात येऊन वाचतोय, आणि त्या आरडाओरड्याखाली, स्वयंपाकघरातून, माझ्या बायकोचा आवाज : "ती काऊन जाईन? घर तिनं सारवलं. त्याले म्हणावं, तू निंघ."

मी थक्क झालो. किती जणांची बाडं रोज त्या बाईंपुढे येत असतील! त्यातून माझ्यासारख्या आगाऊ माणसाला त्यांनी ऐकलं, आणि माझ्या आवाजामागचं एवढंसं वाक्यही सोडलं नाही. इतक्या वर्षांत असं ऐकणारं माणूस मला भेटलं नव्हतं. एकटाच होतो, तरी हात जोडले.

बायको तांदूळ निवडत होती. तिला मेसेज वाचून दाखवला. तिचा हात सुपातच थांबला.

"पुण्याच्या बाईले माहं ऐकू गेलं?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "अन् तुमाले इथल्या इथी नाई आलं."