सभाईची चुनरी

आमच्या सिंधमध्ये लष्कराच्या जनरलची राजवट होती तेव्हा माझ्या शेजारणीच्या, सभाईच्या नवऱ्याला पोलिसांनी धरलं. जनरलनं फाशी दिलेल्या पंतप्रधान साहेबांच्या पक्षाचा झेंडा घरावर लावला, एवढाच गुन्हा. चुगली आमच्या जमीनदाराची, वडेरा रहीमदादची. सभाईनं डोक्यावरची चुनरी काढून त्याच्या पायांशी टाकली. बाईची चुनरी पायांशी पडली की आम्ही सिंधी खुनाचं वैरही सोडतो. हा मेला ती तुडवून पुढे गेला. नवरा तुरुंगातच मेला. जोड्याचा ठसा उमटलेली ती चुनरी सभाईनं कधी धुतली नाही.

पुढे जनरल गेला आणि त्या फाशी गेलेल्या साहेबांची लेक पंतप्रधान झाली. "बाईचं राज्य म्हणजे पाप," असं गावभर बोंबलणारा रहीमदाद पुढच्या निवडणुकीत तिच्याच पक्षाचं तिकीट मागायला निघाला! पक्षातल्या बायका अडून बसल्या, "आधी सभाईची माफी आण."

त्यानं बायकोला पाठवलं. तिनं रडत आपली चुनरी सभाईच्या पायांशी टाकली. सभाईनं ती उचलून तिच्याच डोक्यावर नीट घातली.

"अदी, बहिणी माझे, तू माझं काय वाकडं केलंस? तुला माफ."

"आणि ह्यांना?"

सभाईनं आतून ती मळकी चुनरी आणून दिली. "त्याला म्हणावं, ही स्वतःच्या हातानं धुवून आण. कालव्यावर, सगळ्यांसमोर."

तिकिटासाठी लाचार झालेला वडेरा कालव्यावर उकिडवा बसला, चुनरी घासत. आम्ही बायका पोट धरून हसलो. मग तो ओली चुनरी घेऊन सभाईच्या दारात आला.

सभाईनं ती उन्हात धरून पाहिली.

"डाग छान निघाला रे. आता माझा नवरा आण आणि माफी घेऊन जा."