नकाशावरचा सातवा ठिपका

घणसोली गावात देवळामागच्या गल्लीत पुतळाबाईंचं बाइंडिंगचं दुकान आहे. पीएचडीचे प्रबंध बांधून घ्यायला नवी मुंबईभरची मुलं तिथं येतात. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, दोन दिवसांत चार प्रती. मिठागरांच्या इतिहासावरचा माझा प्रबंधही त्यांनीच बांधला. ही हकिगतही त्यांनीच सांगितली, हातातलं काम न थांबवता.

बाई दहावी शिकलेल्या. लग्नाआधी तुर्भ्याच्या एका छापखान्यात कागदाला घड्या घालायच्या, तिथं हे काम हाताला लागलं. सासऱ्यांची शेती शहराच्या पोटात गेली. मोबदल्यातून नवऱ्यानं, शिवानं, जुन्या घराच्या जागी तीन मजले चढवले. खाली दुकान आणि स्वतःचं बिऱ्हाड, वर भाड्याच्या सहा खोल्या.

पानांचा क्रम तपासायच्या निमित्तानं बाई प्रबंध वाचत. मुंग्या परतीची वाट कशी ओळखतात यावर एकानं पाच वर्षं घातलेली. एकीनं संस्कृत नाटकांतले निरोपाचे प्रसंग धरलेले. गणिताचा एक प्रबंध जेमतेम साठ पानांचा, त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. कुणी कापडावर न बसणाऱ्या रंगाशी झुंजत होता, कुणी ओव्या गोळा करत म्हाताऱ्यांच्या मागे फिरत होती. "कोनीतरी कायतरी शोधत बसलंय, ह्याचा मला आधार वाटायचा," बाई म्हणाल्या. इंग्रजी पुरतं कळत नसे, पण आकृत्या, नकाशे आणि आभाराचं पान त्या सोडत नसत.

गेल्या मार्चमध्ये ऐरोलीची क्षिप्रा तिचा रसायनशास्त्राचा प्रबंध टाकून गेली. जमिनीखालच्या पाण्यात उतरलेल्या धातूंवरचा. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात एक मोठा नकाशा घडी करून घालायचा होता. दुपारी बाईंनी तो टेबलावर पसरला. देऊळ दिसलं, तलाव दिसला. मग स्वतःची गल्ली दिसली. गल्लीच्या टोकाला लाल ठिपका होता आणि त्याच्याशेजारी सातचा आकडा.

ठिपका त्यांच्याच बोअरिंगवर होता.

त्यांना आठवलं, दोनेक वर्षांपूर्वी ही पोरगी निळी पेटी घेऊन आली होती, छोट्या बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली होती. बाईंनी तिला चहासुद्धा पाजला होता. त्यांनी भराभर पानं उलटली. एका तक्त्यात बाकीचे आकडे साधे होते, सातच्या ओळीतला ठळक. शिसं. चालेल तेवढ्याच्या नऊपट.

त्यांनी क्षिप्राला फोन लावला.

"पोरी, हा सात नंबर आमचाच ना ग?"

क्षिप्रा म्हणाली, "काकू, तुम्हाला माहीत नाही? मी रिपोर्ट हातात दिला होता. मागच्या वर्षी जानेवारीत, शिवाकाकांच्या. मागच्या बाजूला पूर्वी बॅटऱ्या फोडायची शेड होती, तिथलं शिसं पाण्यात उतरलं असावं. लहान मुलांना, पोटुशी बायांना हे पाणी अजिबात नको, असं दोनदा सांगितलं मी. ते म्हणाले, बंद करतो."

"पाणी उकललं तर जातं ना?"

"नाही काकू. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. उलट वाढल्यासारखंच होतं." तिचा आवाज बारीक झाला. "मी परत येऊन बघायला हवं होतं."

बाईंनी फोन ठेवला आणि तिथंच बसल्या. मागच्या वर्षी फेब्रुवारीत शिवानं प्लंबर बोलावून खालच्या स्वयंपाकघराला पालिकेचा नळ जोडून घेतला होता. "डाल चांगली शिजंल," असं म्हणाला होता. पालिकेचं पाणी वर चढत नसे. वरच्या खोल्यांच्या टाकीत बोअरिंगचंच पाणी होतं. तेव्हाही आणि आताही.

शिवा ओट्यावर पेपर वाचत होता. बाईंनी नकाशा त्याच्यासमोर धरला.

"तुमाला म्हायती होतं?"

त्यानं वर पाहिलं नाही. "ईस वर्सं लोकं पितात. कोन मेला का?"

"मग आपला नल का बदलला?"

त्यानं पेपराची घडी घातली. "तू तोंड उघडशील तर सगल्या खोल्या रिकाम्या होतील," तो हळूच म्हणाला. "पोलीस येतील. मला आत टाकतील. चालंल तुला?"

आता बाईंना पाण्याइतकीच या माणसाची भीती वाटली, आणि त्याच्यासाठीही भीती वाटली. मग बोअरिंगच्या मोटरच्या पेटीतला फ्यूज काढून त्यांनी पदरात बांधला आणि जिना चढल्या.

पहिल्या मजल्यावर स्मिता राहायची. साताऱ्याकडची, नवरा पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये. मुलगी उन्नती तीन वर्षांची, पण अजून दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नसे. दार उघडंच होतं. गॅसवर पातेलं खळखळत होतं.

"या की काकू. हिचं पाणी उकळतेय. डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज वीस मिनिटं उकळते बघा, एक दिवस चुकवत नाही."

बाईंनी पुढं होऊन गॅस बंद केला आणि मग सगळं सांगितलं. स्मितानं मुलीला उचलून घट्ट धरलं, इतकं की ती रडायला लागली.

उन्नतीच्या रक्ताचा रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत बाईंनी दुकान उघडलं नाही. एरवी उन्नतीच्या धावण्याचा आवाज छतातून यायचा. आता घटकाभर आवाज आला नाही की बाई जिन्याशी जाऊन कान देत.

पाचव्या दिवशी स्मिताचा नवरा खाली आला. पाचच्या आत असायला हवा तो रक्तातल्या शिशाचा आकडा अठरा होता. पाणी आत्ता बंद झालं हे बरं झालं, लोहाचं औषध द्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलीचं बोलणं त्यामुळंच मागं पडलं का, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

तो दारातच उभा राहिला. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

मागं शिवा उभा होता. 'मला पाच दिवसांपूर्वीच कळलं' हे उत्तर खरं होतं आणि जिभेवरही आलं होतं.

"आमच्या घराला चौदा महिन्यांपासून म्हायती हाय," बाई म्हणाल्या.

त्यानं हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. ते दुपारीच सामान बांधून कोपरखैरण्याला गेले. महिन्याभरात बाकीच्या पाच खोल्याही रिकाम्या झाल्या. बाईंनी क्षिप्राला बरोबर नेऊन वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, स्वतःच्या सहीनं. बोअरिंगला सील लागलं. तक्रारीची चौकशी अजून चालू आहे. शिवा बहिणीकडे निघून गेला होता, पावसाळ्यात परत आला. आता दोघं एका ताटलीतली भाकरी वाटून घेतात, पण बोलणं कामापुरतंच.

जूनमध्ये स्मितानं दुसऱ्या रिपोर्टचा फोटो पाठवला. अकरा. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

मी विचारलं, आता भीती गेली का? बाईंनी पुठ्ठ्यावर लिहिलेली नावं दाखवली. गेल्या वीस वर्षांत त्या खोल्यांत राहून गेलेली बिऱ्हाडं, जेवढी आठवली तेवढी. ज्यांची मुलं तिथं लहानाची मोठी झाली त्यांच्या नावापुढं खूण. कुणाचा नंबर बदललेला, कुणी गावी गेलेलं. रोज एखादा नंबर शोधून त्या फोन लावतात, आणि प्रत्येक वेळी रिंग वाजायला लागली की फोन ठेवून द्यावासा वाटतो.

मी असतानाच एक फोन लागला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवलेला. पलीकडून एक बाई आनंदानं म्हणाली, "अगंबाई, पुतळाकाकू! किती वर्षांनी! बरंय ना सगळं?"

पुतळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुजा पोरगा कसा हाय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.