धडधडीची गोळी आणि पेंटरमामा

पेंटरमामांना चहा द्यायचा तर आई कप अर्धाच भरायची. भरला की सांडायचा. त्यांचे दोन्ही हात थरथरत. त्यांच्या वडिलांचेही तसेच थरथरत म्हणे. आणि धंदा मात्र हाताचाच, वारलेल्या माणसांची तैलचित्रं काढण्याचा. लोक बोटभर फोटो आणून देत, मामा त्यावरून भिंतीवर लावण्याजोगं चित्र करत. डोळे रंगवताना ते डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरत. "कुंचला न्हाय पोरी, नागाची मान धरलीया," म्हणून हसायचे.

मी तेव्हा शुक्रवार पेठेतल्या एका शाळेत शिकवत होते. मामा आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहत. त्यांची बायको सुशीला लग्नानंतर दोन वर्षांत गेली, माझ्या जन्माआधी. तिचा एकही फोटो नव्हता. परक्यांचे शेकडो चेहरे रंगवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या बायकोचा चेहरा आठवत नव्हता. "नाक आठवाय गेलं की डोळं जात्यात," एवढंच म्हणायचे.

छातीत धडधडतं म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी त्यांना हृदयाची एक गोळी सुरू केली. पंधरा दिवसांत मामा काठोकाठ भरलेली बशी घेऊन आमच्या दारात उभे! चहावर तरंगसुद्धा नव्हता. आई दचकून म्हणाली, "अवं, हातातला जीव गेला काय?" डॉक्टर मात्र हरखले. ही गोळी हातांच्या कंपावरही चालते, असं त्यांनी नुकतंच कुठंसं वाचलं होतं. धडधड थांबली तरी त्यांनी ती हातांसाठी म्हणून चालू ठेवली.

हात स्थिर झाले, पण गार पडले. उन्हाळ्यातसुद्धा त्यांची बोटं माठातून काढल्यासारखी लागत. आणि एक दिवस मामा हळूच म्हणाले, "पोरी, सुशी याय लागलीया."

"स्वप्नात?"

"व्हय. पाठमोरी बसती. रोज एवढीशी वळती." त्यांनी दोन बोटांत तिळाएवढं अंतर दाखवलं. बोटं जराही हलत नव्हती.

रोज सकाळी ते जेवढं दिसलं तेवढं कॅनव्हासवर उतरवू लागले. आधी अंबाडा, मग कान, मग गालाची कड. मी जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, या गोळीनं काहींना अशी ठसठशीत स्वप्नं पडतात, आपण प्रमाण कमी करू. मामा उसळले. "कमी नगं! वाढवा की. अजून डोळं ऱ्हायल्यात."

डॉक्टरांनी वाढवलं नाही. मामा आमच्या नकळत दुप्पट घेऊ लागले.

एका दुपारी त्यांनी आम्हा दोघींना हाक मारली. भिंतीला टेकून बसले होते, ओठ पांढरे. समोर चित्र पूर्ण झालेलं. लांबट चेहऱ्याची एक बाई सरळ आमच्याकडं बघत होती. त्यांनी आजवर काढलेल्या कुठल्याच चित्रात असे डोळे नव्हते.

"वैनी, तुमी बघितलीया तिला. हीच न्हवं?"

आईनं चित्राकडं बघत डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "व्हय. हीच."

मामा हसले आणि कलंडले. मी नाडी धरली. एक ठोका पडला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. डॉक्टर धावत आले, म्हणून मामा वाचले. गोळी एकदम तोडणं धोक्याचं, म्हणून ती हळूहळू बंद केली. थरथर परत आली, स्वप्नं गेली. मामांनी तक्रार केली नाही. पुढची सहा-सात वर्षं ते त्या चित्रापुढं रोज फूल ठेवत आणि दिवसभराच्या गोष्टी तिला सांगत.

ते गेल्यावर पुतण्यानं चित्र गडहिंग्लजला नेलं. तिथं अजून 'काकी' म्हणून त्याला हार घालतात. टेम्पो गेला त्या दिवशी आई उंबऱ्यावर बसून म्हणाली, "सुशी गोल तोंडाची हुती, चिमणीगत. ती बाई सुशी न्हवं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? मामांना वाईट वाटलं असतं म्हणून?"

आईनं मान हलवली. "मामांचं न्हाय गं. ती बाई बघत हुती, तिच्या म्होरं न्हाय म्हणायचं धाडस झालं न्हाय."