वडिलांच्या पायातली रक्तवाहिनी

माझे वडील विडी ओढत नव्हते, तंबाखूला शिवत नव्हते, शुगरही नव्हती. तरी साठी उलटल्यावर बेलापुरातल्या आमच्या घरापासून बुद्धविहारापर्यंत त्यांना सलग चालवेना. पोटरीत गोळा यायचा. मग ते कापडाच्या दुकानासमोर थांबून टांगलेली लुगडी न्याहाळल्यासारखं करायचे. एकदा दुकानदारानं आपणहून स्टूल बाहेर आणून ठेवलं, तर ते वंदनेला न जाताच घरी परतले आणि रात्री जेवलेच नाहीत.

नगरला नेलं. डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली. म्हणाले, "रक्तवाहिनी आतून अरुंद झालीय, कडक झालीय. वयानं होतं."

"माझा थोरला भाऊ आजून विड्या फुकतो, मळ्यात राबतो. त्याला न्हाई झालं ते?" वडिलांनी विचारलं.

डॉक्टरांनी हसून गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "रोज चाला. दुखलं की थांबा, राहिलं की परत चाला."

परतताना एसटीत वडील माझ्याकडे वळले. "तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवतोस न्हवं? आतनं काय बिघडलंय, तू सांग."

मी म्हटलं, "दादा, रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. त्या पेशी म्हाताऱ्या होतात."

"ते कळलं. पन एका आईची आमी दोघं. माज्याच आदी का म्हाताऱ्या झाल्या?"

मग उत्तरासाठी जी पुस्तकं मिळाली ती चाळली. सगळी 'वय' या शब्दापाशी येऊन थांबायची. ते पान मिटताना भयंकर चीड यायची.

फार वर्षांनी वाचनात आलं, की पेशीत मायक्रोआरएनए नावाचे अगदी छोटे रेणू असतात. कुठलं प्रथिन किती बनू द्यायचं, यावर त्यांचा ताबा चालतो. वयाबरोबर त्यांतले काही या अस्तरात वाढतात आणि पेशीला तरुण ठेवणारी प्रथिनं दाबून टाकतात. वडील तोवर गेले होते. वाचून आनंदापेक्षा संतापच झाला. शिवाय दोन भावांतला फरक त्यातूनही उलगडत नव्हता.

नगरला जाऊन आलो त्या वर्षी मात्र वडील चिडत चिडत का होईना, रोज चालले. "डॉक्टरचं काय जातंय सांगायला!" म्हणत थांबायचे, पोटरी चोळायचे, पुन्हा निघायचे. रविवारी मी सोबत असायचो. हळूहळू थांबणं कमी झालं. थंडीतल्या एका संध्याकाळी आम्ही थेट विहाराच्या पायरीशी पोचलो.

"दादा, आज कुठंच थांबला नाहीत तुम्ही!"

"व्हय. पन दुखायचं काय राह्यलं न्हाई," ते फणकाऱ्यानं म्हणाले आणि चपला काढून आत गेले.