आर्मेनियनचा दुसरा कोड

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी कॅनडात ब्रॅम्पटनजवळच्या एका रुग्णालयात आर्मेनियन बोलणाऱ्या एका वृद्ध बाईंची हृदयशस्त्रक्रिया संमतीअभावी अडली. दुपारपर्यंत संमतीपत्रावर सही झाली नाही, तर त्यांची शस्त्रक्रियेची वेळ जाणार होती. रुग्णालयांना फोनवर दुभाषे पुरवणाऱ्या कंपनीत मी काम करतो. तक्रार माझ्याकडे आली.

दुभाषा वेळेवर दिला होता. नर्स सांगत गेली, तो भाषांतर करत गेला, बाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिल्या. शेवटी नर्सने विचारलं, “काय करणार आहोत, ते तुमच्या शब्दांत सांगा.” बाईंनी पुन्हा नुसती मान डोलावली, म्हणून नर्सने सही घेतली नाही.

मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, “आईला अर्धंच कळलं. आम्ही लेबनॉनमधल्या बैरूतचे, तो आर्मेनियातल्या येरेव्हानचा. मायदेशातल्या माणसाला ‘तुमचं आर्मेनियन कळत नाही’ असं कसं म्हणायचं? म्हणून मान हलवत बसली.”

आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा आहे. लिपीही स्वतःची. आज तिची प्रमाण रूपं दोन: पूर्व आर्मेनियन आर्मेनियात, पश्चिम आर्मेनियन लेबनॉन-सीरियातून इथे आलेल्या घरांत. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचा दोन अक्षरी कोड hy, तीन अक्षरी hye, ग्रंथालयांच्या यादीत arm. पश्चिम आर्मेनियनला वेगळा कोड आहे, hyw. दुभाषा मागवायच्या आमच्या बुकिंगमध्ये फक्त hy होता.

शेजारचा नागपूरचा सहकारी म्हणाला, “एकच भाषा आहे ना बे? माझी नागपुरी समजते का नाही तुला?”

“समजते. पण भूल देण्याआधी तू समजावणार असशील, तर मी सही करणार नाही.”

“जाय बे,” म्हणत त्याने दुभाष्यांच्या नोंदी उघडल्या. तिथेही सगळ्यांना तोच कोड. मग आम्ही जन्मगाव बघत गेलो. मॉन्ट्रियलमध्ये राहणाऱ्या एक दुभाषी बाई सापडल्या, जन्म सीरियातल्या अलेप्पोचा.

फोन जोडला तेव्हा मी लाइनवर होतो. वृद्ध बाईंनी आधी दुभाषी बाईंना त्यांचं घराणं कुठलं ते विचारलं. दुभाष्याने स्वतःबद्दल बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी तो प्रश्न नर्सला सांगितला. नर्स म्हणाली, “बोलू द्या.” दोघी थोडं बोलल्या. मग वृद्ध बाईंनी विचारलं, “छाती उघडणार म्हणजे हाड कापणार का?”

नर्स म्हणाली, “हो.”

बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले आणि सही केली. त्यांना आत नेल्यावर आम्ही बुकिंगमध्ये hyw हा पर्याय घातला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. शस्त्रक्रिया झाली होती, आई शुद्धीवर आली होती.