पहिल्याच वाक्यात पडलेला किल्ला

सांगलीतल्या एका दैनिकात मी अठ्ठावीस वर्षं उपसंपादक होतो. काय घडलं ते पहिल्या वाक्यात, कसं घडलं ते नंतर, एवढं मला येतं. निवृत्त होऊन इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी राहायला आलो, तेव्हा मला लिहिता येतं असा गावाचा समज झाला. माझाही तोच होता.

गणपतीत आमचं मंडळ जिवंत देखावा करतं. निवेदन आणि संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात. स्पीकरवर ते वाजतात आणि माणसं प्लायवूडच्या किल्ल्यावर त्याप्रमाणे हालचाली करतात. दर अर्ध्या तासाला एक खेळ. गेल्या वर्षी विषय ठरला एका राणीचा. दोन डोंगरांमधला तिचा एवढासा मुलूख, राजा वारलेला, शत्रू दाराशी. पावसाळाभर तिनं किल्ला लढवला आणि धान्य संपल्यावर, आतल्या माणसांना जिवंत जाऊ देण्याच्या अटीवर, दरवाजा उघडला.

राणीचं काम आजवर गावातला एक गडी मिशी काढून करायचा. त्या वर्षी माझ्या शेजाऱ्यांच्या सुनेनं ते मागून घेतलं. तिचा नवरा सैन्यात, ऊस आणि जनावरं तीच बघते. अध्यक्षांनी होकार दिला, पण अट घालून. "वैनी, पब्लिक थांबलं पायजे. पहिल्या दिवशी माणसं निघून गेली, तर दुसऱ्या दिवसापासनं परत आपला गडी." त्या गड्यानं तयारी म्हणून मिशी काढूनही ठेवली होती.

निवेदन मी लिहिलं, माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं आणि चार वेळा तपासलं. संध्याकाळी सात वाजता पडदा उघडला. तटावर राणी तलवार उगारून उभी होती. माझा आवाज म्हणाला, "पावसाळाभर झुंज दिल्यानंतर राणीने आपला किल्ला अखेर शत्रूच्या स्वाधीन केला."

मागून कुणीतरी म्हणालं, "चला रं, हरली ती."

अर्धी गर्दी पलीकडच्या मंडळाकडे निघाली. तिथे मारुती डोंगर उचलत होता. जाणाऱ्यांच्या पाठींना माझा आवाज सांगत राहिला, की उपलब्ध साधनांनुसार राणीची शिबंदी किती होती याबाबत मतभेद आहेत, काहींच्या मते ती कमी होती, तर काहींच्या मते ती त्याहूनही कमी होती. राणी वाक्य संपायची वाट बघत होती. उगारलेली तलवार हळूहळू खाली येत होती. प्रत्येक शब्द मी तोलून लिहिला होता. तोलताना माझ्या हातात तलवार नव्हती, एवढंच.

पडदा पडला तशी ती तलवारीसकट माझ्यासमोर आली.

"काका, मी अजून लढले न्हाई, आन तुमी मला हरवून मोकळं झाला?"

"पण ते खरं आहे. शेवटी ती हरलीच."

"शेवटी ना? मग शेवटी सांगा की."

अठ्ठावीस वर्षांत हा मुद्दा कुणी माझ्यापुढे मांडला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, "त्यापरीस जिंकवूनच टाकू. हरणारी राणी कोण बघतंय?"

मी तत्त्वाचं काहीतरी बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "न्हाई भावजी. माणसं वाचवली तिनं. मला त्येच करायचंय."

पुढच्या खेळाला वीस मिनिटं होती. स्पीकरवाल्याच्या टेम्पोत काचा वर करून आम्ही बसलो. मी वाचायचं, तिनं कागदावर बोट ठेवायचं.

"हे 'उपलब्ध साधनांनुसार' कुणासाठी?"

"अचूकतेसाठी."

"ती येणार हाय का बघायला? काढा."

"बरं. पण 'काहींच्या मते' आवश्यक आहे."

"काका, माझा हात दुखतोय."

तेही काढलं. नव्या वार्ताहरांच्या बातम्या मी अशाच समोर बसवून छाटत असे. तेव्हा त्यांचे चेहरे कसे होत असतील, ते मला टेम्पोच्या आरशात दिसलं. तीन पानांच्या आठ ओळी उरल्या. त्या मी तिथेच मोबाइलवर पुन्हा रेकॉर्ड केल्या.

दुसऱ्या खेळाला माझा आवाज म्हणाला, "पहाटे तटावरून शत्रू दिसला," आणि थांबला. मारुतीकडे निघालेली माणसं थबकली. राणी लढली. शेवटी दरवाजा उघडला, तिथे तिनं मला एकही शब्द ठेवला नव्हता. राणी आतल्या एकेकाला पुढे घालून बाहेर काढत होती आणि स्वतः उंबऱ्याच्या आत उभी होती. मैदान भरलं होतं, कुणी हलत नव्हतं. पुढे बसलेली एक म्हातारी न राहवून म्हणाली, "आगं, तूबी ये की आता भाईर."

पडदा पडल्यावर अध्यक्षांनी मिशी काढलेल्या गड्याला घरी जायला सांगितलं. मग ते तिच्याकडे वळले. "वैनी, राणी तुमचीच. फुडच्या वर्षीबी." माझ्याकडे बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "काका, निवेदनाचं मातर... तुमालाबी दगदग हुती."

"ऱ्हाऊ द्या की त्यास्नी," ती हात चोळत म्हणाली. "सांगितलं की ऐकत्यात."